आमची वाटचाल : साठ खुर्च्या, एक पडदा

परळच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत आमचं ६० खुर्च्यांचं चित्रपटगृह आहे. दर आठवड्याला दोनच चित्रपट लागतात, एक जुना आणि एक नवा. दोन्हींसाठी पडदा एक, तिकीटदर एक आणि काळजीही सारखीच.

या धंद्यात आम्ही दोघे भाऊ आलो ते वडिलांमुळे. गिरणगावातल्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. तेव्हा केबिनमध्ये दोन मशीन असायची. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका उमटला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुढचा ठिपका दिसला की खेळ त्यावर घ्यायचा. रीळ बदललेलं प्रेक्षकाला कळता कामा नये, एवढीच त्यांची अट. आमच्याकडे आता रीळ नाही, फाइल येते. पण ती अट अजून तीच आहे.

सुरुवातीला आम्ही फिल्म सोसायट्यांना आणि कॉलेजांना प्रोजेक्टर-साउंड भाड्याने द्यायचो. पुढे गाळा मिळाला, बंद पडलेल्या एका सिंगल स्क्रीनच्या खुर्च्या मिळाल्या. परवान्यांसाठी खेटे घातले, कर्ज काढलं. त्यात निराळं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते ‘कुंकू’बद्दल. प्रभातच्या या १९३७ सालच्या चित्रपटाला शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत दिलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज आहेत, घड्याळाची टिकटिक आहे. तयारीसाठी तो आमच्या हॉलमध्ये लावला तेव्हा टिकटिकीपेक्षा एसीची घरघर मोठी ऐकू आली. मग एसीचं मशीन गच्चीवर नेलं, पाइपांना रबरी वेष्टण घातलं, दाराच्या फटी नमद्याने बुजवल्या. त्या वर्षीचा नफा त्यातच गेला. पण शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला ठाम नकार देते, तेव्हा तिच्या मागची शांतता ऐकू यायला लागली. ती शांतता दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवली आहे. ती ऐकवणं हे आमचं काम.

तसंच चौकटीचं. त्या काळच्या बोलपटांची चौकट रुंदीला १.३७ तर उंचीला १, म्हणजे जवळजवळ चौरस. आजचा पडदा रुंद. भरून दिसावं म्हणून चित्र ताणलं की माणसं बुटकी दिसतात, वर-खाली कापलं तर डोकी जातात. टीव्हीवर असं कापलेलं चित्र पाहिलं की वडील चिडायचे. आम्ही पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे हाताने आत ओढतो, आणि चित्र जसं काढलं तसंच दाखवतो.

‘कुंकू’ला जोड म्हणून त्याच आठवड्यात चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लावला. चित्रपट २०१४चा, आपल्याच मुंबईतला. एका लोकशाहिरावरचा खटला. कॅमेरा लांबून, जागचा न हलता बघत राहतो. इथेही काय बघायचं, काय वाटून घ्यायचं हे संगीत सांगत नाही. ‘कुंकू’ पाहिलेली मंडळी ‘कोर्ट’ला आली ती कान तयार करूनच. खेळानंतर गिरगावच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “नीरेला समोर भांडायला माणूस तरी होता. या शाहिराने भांडायचं कुणाशी?” त्यावर चर्चा इतकी रंगली की चहावाल्याला दुसरी किटली आणावी लागली. म्हणूनच जुना-नवा एकत्र लावायचा आमचा हट्ट आहे. जुन्याला नुसते आठवणी काढणारे आणि नव्याला नुसते तरुण, अशी वाटणी आम्हाला नको.

नव्या मराठी चित्रपटांचे हाल आपण सगळे बघतो. गैरसोयीच्या वेळेचा एक खेळ मिळतो, आणि एकमेकांना सांगेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. आम्ही घेतलेला नवा चित्रपट तीन आठवडे हलवत नाही, पहिल्या आठवड्यात दहा माणसं आली तरी. तिकिटाचे निम्मे पैसे निर्मात्याचे. खेळ संध्याकाळी सातला, कारण चर्चा आटोपून डोंबिवली-कल्याणच्या प्रेक्षकाला घरी जाऊन जेवायचं असतं.

पोरांसाठी दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळेत पाठ करून घेतात. पण फाळक्यांचं काम पडद्यावर पाहिलेली मुलं किती? १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू दाखवते. मूकपट आजच्या, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने पळवला की माणसं तुरुतुरु धावतात आणि सगळ्याचीच थट्टा होते. आम्ही वेग उतरवून घेतो, पडद्याशेजारी पेटी-तबला बसवतो. कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं उभी राहतात, आणि त्यांना कुणी खाली बसवत नाही.

पावसाळ्यानंतर रविवार सकाळचे हे मुलांचे खेळ पुन्हा सुरू होतील. पालिकेच्या शाळांतल्या मुलांना तिकीट नाही, सोबत आलेल्या शिक्षकांनाही नाही. जुन्या चित्रपटांत पुढचा प्रभातचाच ‘माणूस’. त्याची जोड अजून ठरायची आहे; तुम्हाला एखादा नवा चित्रपट सुचला तर तिकीटखिडकीवरच्या वहीत लिहून ठेवा.