पहिलं सत्र: अभ्यासाची घडी आणि मदतीच्या जागा (माझा अनुभव)

एम. ए. अर्थशास्त्राचं पहिलं सत्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सुरू झालं, तेव्हा मी सगळ्यात आधी तासांचं गणित मांडलं. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास वर्ग असतो, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर एका पेपरला आठवड्याला चार तास, आणि २० क्रेडिट घेतले तर वर्गातच २० तास जातात. निदान तेवढेच तास स्वतः बसायला लागतात. हा ४० तासांचा आकडा पहिल्याच आठवड्यात डोळ्यांसमोर असला की 'शेवटच्या महिन्यात उरकू' हा विचार किती महाग पडेल ते कळतं.

वेळापत्रक मात्र लगेच आखू नका. मी पहिला आठवडा फक्त नोंद ठेवली: कुठला तास कशात गेला. मेसची रांग, बसची वाट, कपडे धुणं, सगळं. कात्रज किंवा हडपसरसारख्या लांबच्या भागातून गणेशखिंडीपर्यंत, म्हणजे विद्यापीठापर्यंत, रोज येणाऱ्याचं वेळापत्रक बहुधा दुसऱ्याच आठवड्यात मोडतं, कारण त्यात प्रवास आणि विद्यापीठ चौकातली कोंडी धरलेलीच नसते. बसमध्ये उभ्याने नवं प्रकरण वाचून होत नाही, पण कालच्या नोंदींवरचे प्रश्न मनात सोडवून होतात. प्रवासाला तेवढंच काम द्यावं. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी सोडावी. मी रविवारची ठेवत असे. आठवडाभरात काही ना काही राहतंच, आणि त्याला जागा नसेल तर ते पुढच्या आठवड्यावर चढतं.

अभ्यासक्रमाची प्रत कागदावर छापून वहीला लावली. त्यात प्रत्येक युनिटसमोर तास दिलेले असतात, त्यावरून कुठलं युनिट जड आहे ते कळतं. शेजारी मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठेवायच्या आणि कोणता प्रश्न कुठल्या युनिटचा, ते पेन्सिलीने लिहायचं. अभ्यासक्रमाचा पॅटर्न मध्येच बदललेला असू शकतो, म्हणून प्रश्नपत्रिकेवरचं पॅटर्नचं वर्ष आधी बघा. परीक्षा मराठीतून लिहिता येते का, अंतर्गत मूल्यमापन किती गुणांचं आणि कशाकशाचं, हे दोन प्रश्नही पहिल्याच आठवड्यात विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. सिनियरांचं उत्तर त्यांच्या वर्षापुरतं बरोबर असतं.

आता नोंदींबद्दल, कारण खरी गडबड इथेच होते. वर्गात फळ्याचे फोटो काढले जातात, ग्रुपवर पीडीएफ येतात, रंगीत पेनाने ओळी रंगवल्या जातात, आणि महिन्याभराने पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. परीक्षा काही आठवड्यांनंतरच असते, तेव्हा सवय दुसऱ्या गटाची लावून घ्यावी.

त्यासाठी मी कॉर्नेल पद्धतीचं पान वापरलं. ए-फोर कागदाच्या डावीकडे सुमारे सहा सेंटिमीटरची पट्टी आणि खाली पाच सेंटिमीटर जागा कोरी सोडायची, वर्गात फक्त उजवीकडे लिहायचं. त्याच दिवशी, झोपायच्या आत, पंधरा मिनिटं काढून डाव्या पट्टीत प्रश्न लिहायचे: 'सीमांत उपयोगिता शून्य असेल तेव्हा एकूण उपयोगिता कुठे असते?' असे. खाली तीन ओळींत तासाचा गाभा. मग उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचे प्रश्न तोंडी सोडवायचे. हीच उजळणी तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी. हे आकडे काही देववाणी नाहीत. अंतर वाढवत न्यायचं, एवढंच महत्त्वाचं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवलं होतं की शिकल्यानंतरची विसरण्याची घसरण सुरुवातीला सगळ्यात तीव्र असते. ते पंधरा मिनिटांचं काम उद्यावर ढकललं की ते चाळीस मिनिटांचं होतं, आणि मग होतच नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी भाषेचा भाग वेगळा सांगायला हवा. इंग्रजी तास चालू असताना मनात भाषांतर करत बसलं की पुढची दोन वाक्यं हातची जातात. शब्द जसा ऐकू येईल तसा देवनागरीत टिपावा आणि संध्याकाळी शोधावा. त्याला एक वेगळी वही, तीन रकाने: इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा, आणि स्वतःचं एक उदाहरण. तिसरा रकाना टाळला तर पहिले दोन पाठांतर होऊन राहतात. मराठी संज्ञांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे आणि मराठी विश्वकोश आहे. दोन्ही आंतरजालावर फुकट बघता येतात. मला याहून उपयोगी पडली ती महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीत आणि इंग्रजीत निघते. एकच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचली की संज्ञा वाक्यात कशी बसते ते आपोआप कळतं. कोशात शब्द भेटतो, पाहणीत तो काम करताना दिसतो.

इंग्रजी प्रकरण एका बैठकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा अट्टहास सोडावा. दहा पानांना तीन फेऱ्या: पहिली दहा मिनिटांची, फक्त मथळे, आकृत्या, शेवटचा परिच्छेद. दुसरी सावकाश, शब्दकोश बंद ठेवून, अडलेल्या शब्दाखाली टिंब देत. तिसऱ्या फेरीत फक्त टिंब दिलेली वाक्यं. बरेचसे शब्द दुसऱ्या फेरीतच संदर्भाने सुटलेले असतात.

मदत मागणं हे मी अभ्यासाचंच कौशल्य मानते, आणि तेही शिकावं लागतं. 'सर, हे युनिटच समजलं नाही' या वाक्याला कुणी काय उत्तर देणार? नेमकं कुठे अडलं ते आधी आपण शोधायचं. मी मेसेज असा लिहीत असे: 'सर, नमस्कार. मी प्रथम वर्ष, रोल नंबर अमुक. उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम यांतला फरक मी असा समजले आहे, वहीचा फोटो जोडला आहे. वस्तू हलक्या प्रतीची असेल तर उत्पन्न परिणामाची दिशा उलटी का होते, इथे अडले आहे. गुरुवारी तासानंतर दहा मिनिटं येऊ का?' यात आपण कोण ते कळतं, स्वतः केलेला प्रयत्न दिसतो, प्रश्न एकच आहे आणि वेळ ठरलेली आहे. उत्तर आलं नाही तर दोन-तीन दिवसांनी विभागात जाऊन समक्ष विचारावं. मेसेज खाली जातात, त्याचा राग धरू नये. चूक दाखवली जाईल म्हणून फोटो न जोडणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण शिक्षकांना दुरुस्त करायला तेच हवं असतं.

अभ्यासगट तिघा-चौघांचा बरा. सहाव्या माणसानंतर गप्पा सुरू होतात. प्रत्येकाने एक प्रश्न आधी लिहून आणायचा आणि दुसऱ्याने तो पुस्तक मिटून समजावायचा. 'वाचायला बसू' असा गट टिकत नाही.

ओळखपत्र हाती आलं त्याच दिवशी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात नोंदणी करा. कपाटांमधून फिरण्याआधी संगणकावरच्या यादीत पुस्तक शोधा, त्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि मिळालं नाही तर काउंटरवर तो क्रमांक दाखवा. अर्थशास्त्रासाठी पुण्यातल्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय फार समृद्ध आहे. बाहेरच्यांना प्रवेश कसा मिळतो, विभागाचं पत्र लागतं का, ते जाण्याआधी विचारा. पुस्तकं विकत घ्यायची तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक. सूक्ष्म अर्थशास्त्राची जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या, सिद्धांत फारसे बदलत नाहीत. भारतीय अर्थव्यवस्थेची मात्र जुनी घेऊ नका, आकडे शिळे होतात.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात. तिथे पैसे भरण्याआधी एक दिवस बसून बघा: जागा ठरावीक मिळते का, दुपारी पंखा पुरतो का, लॉकर आहे का, डिपॉझिट परत कधी. वर्ग विद्यापीठात आणि अभ्यासिका पेठेत असेल तर जाण्या-येण्यातच दिवसाचा मोठा तुकडा जातो. मग विभागाची वाचनखोली बरी.

पैशांची सोय लागेपर्यंत मन अभ्यासाला लागत नाही, म्हणून हेही सत्राच्या सुरुवातीलाच. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना विद्यार्थी विकास मंडळ चालवतं. अर्ज सत्राच्या तोंडाशी निघतात आणि कामाचा मोबदला तासांवर मिळतो. कामाचे तास आपल्या ४० तासांच्या गणितात बसवूनच हो म्हणा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. तो अडतो तो बहुतेक वेळा तीन ठिकाणी. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा असतो. आणि तिसरं, जे उशिरा कळतं: बँकेत आधारची केवायसी झालेली असते, पण सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं नसतं. आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहतं, आणि पैसे तिथेच जातात. आधारच्या संकेतस्थळावर ते तपासता येतं. अर्ज भरून विसरू नका. त्रुटी काढून तो परत पाठवला गेला तर लॉगिन केल्यावर नक्की कळतं, त्यामुळे दर आठवड्याला एकदा उघडून बघा.

झोप दोन आठवडे लागत नसेल, जेवण सुटत असेल, वर्गात जाणं नकोसं झालं असेल, तर तो आळस समजून स्वतःला दामटू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२. विद्यापीठातल्या समुपदेशनाची वेळ विभागात विचारा. घरी सांगणं जड वाटत असेल तर खोलीतल्या एका मैत्रिणीला तरी सांगा.

पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर उत्तरपत्रिका बघायला मिळाली तर गेलेले गुण तीन रकान्यांत लिहा: येत नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण लिहून झालं नाही. पहिल्याला शिक्षक लागतात, दुसऱ्याला नोंदींच्या पानावरची डावी पट्टी. तिसऱ्याला घड्याळ. तीन तासांचा ७० गुणांचा पेपर असेल आणि वाचायला-तपासायला १५ मिनिटं बाजूला ठेवली, तर दहा गुणांच्या उत्तराला साडेतेवीस मिनिटं येतात. तेवढ्या वेळाचा गजर लावून रोज एक उत्तर हाताने लिहा. पहिले काही दिवस गजर वाजेल तेव्हा उत्तर अर्धवटच असेल; तिथेच एक रेघ मारा, उरलेलं रेघेखाली पूर्ण करा, आणि रेघ पानावर किती खाली सरकते आहे ते बघत जा.