मृत जन्माच्या नोंदीत कारणही हवे

गर्भारपणाचे 28 आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ मृत जन्माला आले, तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार त्याचीही नोंद करावी लागते. कायदा इतका जुना असूनही देशात दरवर्षी अशी किती बाळे जातात, याचे भरवशाचे उत्तर आपल्याजवळ नाही. निवडक भागांतील जन्म-मृत्यू टिपणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत मृत जन्मांचा दर हजार जन्मांमागे एक आकडी दिसतो, तर संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2019 मध्ये तो 14 च्या आसपास होता आणि त्या वर्षी भारतात सुमारे 3,40,000 मृत जन्म झाले. त्या वर्षी जगातल्या इतर कोणत्याही देशात ही संख्या एवढी मोठी नव्हती.

माझ्या मते मोजणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न कारणाचा आहे. माझ्या मामेबहिणीचे बाळ नववा महिना लागल्यावर पोटातच गेले, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर ‘आययूएफडी’ एवढेच लिहिलेले होते, म्हणजे बाळ गर्भाशयातच दगावले. ते कशाने दगावले, याबद्दल एक शब्दही नव्हता. वार, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, तपासायला पाठवली गेली नाही आणि आईचा रक्तदाब आधीच्या भेटींत कसा होता, हेही कोणी पुन्हा पाहिले नाही. बाळ कळा सुरू होण्यापूर्वी गेले की कळा चालू असताना, ही एक गोष्ट नीट नोंदवली तरी पुष्कळ उलगडा होतो, कारण पहिल्या प्रकारात रक्तदाब, मधुमेह, गर्भाची खुंटलेली वाढ किंवा संसर्ग शोधावा लागतो, तर दुसऱ्या प्रकारात प्रसूतिकक्षातील देखरेख आणि सिझेरियनला लागलेला वेळ तपासावा लागतो.

केंद्र सरकारने 2014 च्या नवजात कृती आराखड्यात 2030 पर्यंत मृत जन्मांचा दर एक आकडी करण्याचे ठरवले आणि 2016 मध्ये निवडक रुग्णालयांतून अशा प्रत्येक घटनेची सविस्तर चौकशी करण्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ही पद्धत उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत आणि खासगी प्रसूतिगृहांपर्यंत पोहोचायला हवी, आणि चौकशीचा हेतू दोषी शोधण्याचा नसावा. शिक्षेची भीती असेल, तर कागदावर खरे कारण कधीच उतरणार नाही.

शिक्षणाचे काम याहून सोपे आहे, म्हणूनच ते न होणे मला जास्त लागते. शेवटच्या दिवसांत बाळ शांत होते, असा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा, हे आशाताईंनी प्रत्येक गरोदर बाईला आणि तिच्या सासूलाही सांगायला हवे. बाळ गेल्यावरही रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात मृत जन्मलेले बाळही धरलेले असल्यामुळे नोकरदार आईला प्रसूतीची रजा मिळू शकते, आणि ही माहिती तिला घरी सोडतानाच लेखी द्यायला हवी.