माझा अनुभव: प्लास्टिकच्या नळीने घातलेला घोळ

ओलिक आम्ल या मेदाम्लापासून शरीरात तयार होणारे ओलियामाइड हे रसायन १९९५ मध्ये झोपेपासून वंचित ठेवलेल्या मांजरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी झेनोपस बेडकाच्या अंडपेशींमध्ये ते सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या २ए आणि २सी ग्राहींचा (पेशीवरच्या, संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांचा) प्रतिसाद वाढवते असे दिसले. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हाच परिणाम मानवी पेशींमध्ये मोजण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये मी ते तीन महिन्यांत उरकण्याचे बेत करत असे.

मोजणीचे तत्त्व सोपे आहे. सेरोटोनिन २सी ग्राहीला बिलगले की पेशीतील फॉस्फोलायपेज सी हे विकर जागे होते, साठ्यातले कॅल्शियम बाहेर पडते आणि आधी भरलेला रंग काही क्षण हिरवा चमकतो. ओलियामाइड एकटे दिल्यास ही चमक दिसू नये. सेरोटोनिनसोबत दिल्यास मात्र ती वाढावी, अशी आमची अपेक्षा होती.

सुरुवातीला पेशी थंडच राहिल्या, कारण पोषणद्रवातील वासराच्या सीरममध्ये मुळातच सेरोटोनिन असते आणि त्याच्या सततच्या सहवासाने ग्राही मंदावतात. डायलिसिस केलेले, म्हणजे पडद्यातून सेरोटोनिनसारखे छोटे रेणू काढून टाकलेले, सीरम वापरल्यावर ही अडचण सुटली.

दुसऱ्या अडचणीने जुलै-ऑगस्ट खाल्ले. सेरोटोनिन दिल्यावर ओलियामाइड घातलेल्या आणि न घातलेल्या पेशी सारख्याच चमकत होत्या. ओलियामाइड मी इथेनॉलमध्ये विरघळवत असे; त्याऐवजी नुसते इथेनॉल सेरोटोनिनसोबत दिलेल्या कंट्रोललाही (तुलनेसाठीच्या नमुन्यालाही) तोच उंच शिखराचा आलेख येई. मी रंगाला, दिव्याला, अगदी पावसाळ्यातल्या दमटपणालाही दोष दिला. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारले, "इथेनॉल कशात ठेवतेस?" मी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची नळी दाखवली. प्लास्टिक साच्याला चिकटू नये म्हणून त्यात ओलियामाइडच मिसळतात, आणि ते नळीतून द्रावणात उतरते, हे २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले होते. मी ते वाचलेले नव्हते.

त्या रात्री एकाच बाटलीतले इथेनॉल अर्धे काचेच्या कुपीत, अर्धे नळीत ठेवले. सकाळी काचेतल्या कंट्रोलचे शिखर स्पष्टपणे बुटके होते, नळीतले पूर्वीइतकेच उंच. मग सगळी द्रावणे काचेत, टोप्यांना टेफ्लॉनचे अस्तर, आणि आधीचे सर्व आलेख रद्द. मॅडमनी ते फेकू दिले नाहीत. परिशिष्टात लावायला सांगितले.