तीन नंबरचं आयर्न आणि मामाचा सोमवार

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर काही म्हणजे काही केलं नाही. कपडे मशीनमध्येच राहिलेत, सकाळी वास मारणार. दुपारी जेवून मोबाईल घेऊन आडवी झाले तर फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकलेलं, गरीब शेतकऱ्याचा पोरगा, हातात एकच काठी, जिद्दीने जग जिंकलं वगैरे, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. फोटो सेव्हे बायेस्तेरोसचा, स्पेनचा नावाजलेला गोल्फर, नाव अर्थात चुकवलेलं. म्हटलं बघू तरी हा खरा काय होता, आणि तिथून जी सुरुवात झाली ती दिवे लागायची वेळ झाली तरी मी अजून 1976 मध्येच.

आमच्या घरात गोल्फ म्हणजे मामा. एरवी आमचा आणि गोल्फचा काय संबंध! मामा लग्नाआधी बरीच वर्षं कॅडी होता, साहेबांच्या बॅगा खांद्यावर टाकून अठरा होल, म्हणजे अख्खा कोर्स, चालायचा, आणि कॅडींना स्वतः खेळायला फक्त सोमवार, कारण त्या दिवशी मेंबर लोकांसाठी कोर्स बंद. लहानपणी आमच्याकडे खेळायला जे बॉल होते ते सगळे मामाने झाडीतून शोधून आणलेले, खड्डे खड्डे असलेले, आणि ते फरशीवर आपटले की आई ओरडायची. त्यामुळे ते फॉरवर्ड वाचून मला पहिला प्रश्न हाच पडला की त्या पोराला खेळू कोण देत होतं?

तर कोणी देत नव्हतं. सेव्हेचा जन्म 9 एप्रिल 1957 चा, गाव पेद्रेन्या, स्पेनच्या उत्तरेला कांताब्रियात, सांतांदेरच्या खाडीच्या पलीकडच्या काठावर. गाव शेतकऱ्यांचं, कोळ्यांचं, घरी गाईगुरं, आणि घराला लागूनच हे भलंमोठं रॉयल गोल्फ क्लबचं हिरवंगार कोर्स. गावातली पोरं तिथे कॅडी म्हणून जायची, बॅग उचलायची, पैसे घ्यायची, पण खेळायचं नाही. मग हा काय करायचा, संध्याकाळी सगळे गेले की गुपचूप आत शिरायचा, चांदणं असलं तर रात्रीसुद्धा, आणि बाकी वेळ खाली समुद्राच्या वाळूत.

आता ती काठी. आधी तर अख्खा क्लबही, म्हणजे बॉल मारायची गोल्फची काठीही नव्हती, नुसतं तीन नंबरच्या आयर्नचं, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबचं, जुनं डोकं, त्यात हा झाडाची काठी तासून ठोकायचा आणि ती घट्ट बसावी म्हणून पाण्यात बुडवून ठेवायचा, लाकूड फुगलं की हलत नाही. हे वाचलं आणि मला एकदम आजोळ आठवलं, आजोबा कुऱ्हाडीचा दांडा असाच रात्रभर हौदात भिजत टाकायचे आणि सकाळी आम्हाला ओढून बघायला लावायचे. बॉल कुठले परवडायला, म्हणून गोल गोटे मारायचे. पुढे मोठ्या भावाने, मानुएलने, खरा तीन नंबर दिला. तेव्हा हा आठेक वर्षांचा.

तीन नंबर म्हणजे काय हे ज्याने हातात धरलंय त्यालाच कळेल. मी एकदाच धरलाय, मामाच्या सोमवारी. त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं असतं, त्यामुळे बॉल लांब जातो पण खालून खालून, वर चढतच नाही. नवशिक्याला तर तो लागतच नाही, मला जमीनच लागली, मनगट दोन दिवस ठणकत होतं. वाळूतून बॉल काढायला लोक वेगळा वेज घेतात, रुंद, मागे झुकलेल्या तोंडाचा. आता तुमच्याकडे वेज नाहीच, आहे तो हा एकच नंबर आणि उभे आहात वाळूत, तर मग त्याचं तोंड हातानेच उघडून आडवं करायचं आणि बॉलच्या खालून सुरी फिरवल्यासारखं सरकवायचं. उंच हवा असेल तर असं, बुटका हवा असेल तर तसं, वळवायचा असेल तर आणखी काही. म्हणजे बाकीची मुलं कोणत्या अंतराला कोणता क्लब हे शिकत होती तेव्हा हा एकाच क्लबची सोंगं शिकत होता. पुढे तो झाडामागून, भिंतीमागून, कुठूनही बॉल काढायचा त्याचं सगळ्यांना नवल, पण त्यात नवल काय, त्याचं बालपणच अडचणीच्या जागेत गेलेलं.

पण इथेच माझं त्या फॉरवर्डशी भांडण आहे. एकटा गरीब पोरगा, कोणी नाही, फक्त जिद्द, असं नव्हतं ते. सेव्हेचा सख्खा मामा रामोन सोता हा स्पेनमधला मोठा गोल्फर, 1965 च्या मास्टर्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत, सहावा आलेला. तिघेही मोठे भाऊ, बाल्दोमेरो, मानुएल, विसेंते, सगळे प्रो, म्हणजे खेळावरच पोट असणारे. म्हणजे जेवताना घरात गोल्फच चालत असणार. पैसा नव्हता, गेट बंद होतं, पण घरात विद्या होती. हे वगळून नुसती काठी दाखवली की गोष्ट गोड होते आणि खोटी पण. (आणि त्याचाही मामाच निघाला, हे वाचून मी एकटीच हसले.)

सेव्हे 1974 च्या मार्चमध्ये प्रो झाला तेव्हा वय 16. सोळाव्या वर्षी मी दहावीचे क्लास करत होते आणि त्यातही रडत होते. दोन वर्षं युरोपभर खेळला, स्पेनबाहेर फार कोणी ओळखत नव्हतं. आणि मग जुलै 1976, इंग्लंडमधलं रॉयल बर्कडेल, ब्रिटिश ओपन. त्या वर्षी तिकडे कडक उन्हाळा आणि दुष्काळ, गवत करपून तपकिरी, बॉल पडला की टणाटण उडत जातोय. हा 19 वर्षांचा, इंग्रजी जेमतेम, पहिल्या दिवशी 69 शॉट (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं), दुसऱ्या दिवशी 69, तिसऱ्या दिवशी 73, आणि दोन शॉटने सगळ्यांच्या पुढे! मागे जॉनी मिलर, आणि जॅक निकलॉस, दोघेही अमेरिकेचे बडे खेळाडू.

शेवटच्या दिवशी मात्र हाताबाहेर गेलं. मिलर शहाण्यासारखा टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीलाच, आयर्न मारत बॉल मधोमध ठेवतोय आणि हा प्रत्येक वेळी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढून जीव खाऊन मारतोय आणि झुडपात जातोय. मला तर बघताना ओरडावंसं वाटलं, अरे बाबा थांब, जरा हळू. 11 व्या होलवर तर चक्क 7. मिलरने 66 केले, याचे 74, सहा शॉटने हरला.

तरी लोकांच्या लक्षात राहिला तो हाच, आणि तो एका शॉटमुळे. शेवटचा अठरावा होल. बॉल ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, डावीकडे अलीकडे पडलाय, समोर दोन बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, त्यांच्या पलीकडे लगेच झेंडा. कोणीही काय करेल, बॉल उंच उडवून बंकरवरून टाकेल, पण जमीन दगडासारखी, पडला की पुढे पळत जाणार. दोन बंकरच्या मधे एक चिंचोळी पायवाट, खडबडीत. आणि या पोराने बॉल त्या वाटेने सोडला, खालूनच, टुणूक टुणूक करत तो दोन खड्ड्यांच्या मधून गेला आणि होलजवळ जाऊन थांबला. मग पट, म्हणजे छोटासा हलका टोला, आणि बॉल आत, निकलॉसबरोबर दुसऱ्या नंबरची बरोबरी, दोघांचे 285. मी तो तुकडा किती वेळा बघितला मोजलं नाही. चेहऱ्यावर हरल्याचं काहीच नाही, उलट मज्जा आलेली दिसते.

त्यानंतरचं भराभर आहे. ऑगस्टमध्ये डच ओपन जिंकला, युरोपच्या टूरवर, म्हणजे तिथल्या स्पर्धांच्या मालिकेत, जिंकलेली त्याची पहिली स्पर्धा, आणि त्या वर्षी युरोपात पहिला नंबरही त्याचाच. डिसेंबरमध्ये मानुएल पिन्येरोबरोबर अमेरिकेत जाऊन वर्ल्ड कप, समोर अमेरिकेचे जेरी पेट आणि डेव्ह स्टॉकटन, म्हणजे त्याच वर्षीचे यूएस ओपन आणि पीजीए या दोन मोठ्या स्पर्धांचे विजेते, त्यांच्या घरात जाऊन हरवलं. 1978 ला अमेरिकेतली ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकला. आणि 1979 ला रॉयल लिदमला ब्रिटिश ओपन, वय 22. त्यात 16 व्या होलवर बॉल गेला तात्पुरत्या कार पार्कमध्ये, गाड्यांमध्ये! तिथून ड्रॉप मिळाला, म्हणजे बॉल उचलून मोकळ्या जागी टाकायची परवानगी, त्याने मारला थेट ग्रीनवर आणि वर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी. काही लोकांनी नाकं मुरडली, कार पार्क चॅम्पियन म्हणे. तो म्हणायचा वारा तसा होता म्हणून मुद्दाम तिकडे मारला. मला ते निम्मं पटतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मास्टर्सपण. पण माझं मन बर्कडेललाच अडकलंय, जिंकलेल्या स्पर्धांमध्ये ते येत नाही.

संध्याकाळी न राहवून मामाला फोन केला, आधी बर्कडेलच्या त्या शेवटच्या शॉटचा व्हिडिओ पाठवला होता. उचलल्या उचलल्या म्हणतो, "अगं उंच मारला नाही त्याने, बघितलंस का? मेंबर असता तर वेज मागितला असता माझ्याकडे." मी म्हटलं मामा, तुला नाही का रे वाटलं कधी प्रो व्हावं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सोमवार एकच असतो गं आठवड्यात. आणि त्यातही पाऊस." पुढे वॉचमनची नोकरी लागली, बॅग सुटली, हे मला माहीतच होतं, त्याने परत सांगितलं नाही.

मग मी त्याला ते काठीचं सांगितलं, पाण्यात भिजवायचं. एकदम खुलला. आबांची कुऱ्हाड, हौद, सगळं त्याला माझ्याआधी आठवलं. फोन ठेवता ठेवता म्हणतो, "पण दांडा कशाचा असेल गं? तिकडे बाभूळ तर नसणार."