पाटील सरांचा एच-इंडेक्स

पावसाळा आला की आमच्या कॉलेजात प्रमोशनच्या फायली निघतात, आणि वर्षभर लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे हे माहीत नसलेले लोक मॅडम मॅडम करत माझ्या टेबलापाशी येतात. सायटेशन रिपोर्ट पाहिजे, म्हणजे आपल्या पेपरांचा हवाला दुसऱ्यांनी किती वेळा दिला त्याचा हिशोब, तो पण आजच. बटण दाबलं की आकडा पडतो असंच वाटतं सगळ्यांना.

ह्यावेळी फिजिक्सचे पाटील सर होते. काम क्वांटम इन्फर्मेशनमधलं, थिअरी, लॅब नाही काही नाही. गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स २३. म्हणजे किमान २३ पेपर असे की ज्यांना प्रत्येकी किमान २३ सायटेशन. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानंच २००५ मध्ये काढलेलं माप हे, आणि आता तेच सगळ्यांच्या बोकांडी बसलंय.

तिथली त्यांच्या पेपरांची यादी उघडली तर एन्टँगलमेंटच्या, म्हणजे सरांच्याच विषयातल्या, पेपरखाली सुपरकपॅसिटर, त्याखाली स्प्रे पायरोलिसिसनं केलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म, आणि मध्येच सोयाबीनवरची कीड. कोल्हापुरात पाटील किती असतात ते सांगायला नको, त्यात इनिशियल पण तीच, आणि थिन फिल्म म्हणजे तर इथला घरचा विषय, विद्यापीठात कैक वर्षं लोक त्यात काम करतायत. ऑटोमॅटिक अपडेट चालू राहिलं की स्कॉलर दिसेल तो पाटील आत घेतो. आणि मटेरियलवाल्यांचे पेपरही भराभर येतात नि सायटेशनही भराभर पडतात, थिअरीवाल्याचं तसं नसतं.

सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे माझे नव्हेत मॅडम, काढा." मी एक एक पीडीएफ उघडून तळटीपेतला ईमेल, सहलेखक, मागचे संदर्भ बघत काढायला बसले. हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. संदर्भांची यादी बघितली की माणूस कुठल्या गल्लीतला ते लगेच कळतं. संध्याकाळी आकडा उतरला ९ वर.

कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकचं काम बघणाऱ्या सरांना कळलं तर तिथूनच फोन, मागच्या वर्षीच्या रिपोर्टात २३ गेलाय, आता ९ कसा, राहू दे की मॅडम, कोण बघतंय. मी म्हटलं, सर स्वतःच काढा म्हणतायत. तर म्हणे, पाटील पहिल्यापासून असाच आहे.

पण मला खरा त्रास झाला तो पुढं. सरांचं सगळ्यात जास्त सायटेशन असलेलं काम आहे एक छोटासा प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीचा पेपर, अर्काइव्ह नावाच्या खुल्या साइटवर टाकलेला, जर्नलला कधी पाठवलाच नाही. स्कोपस म्हणून सायटेशन मोजणारा डेटाबेस आहे, त्याच्या मुख्य यादीत तो येतच नाही. तिथं सेकंडरी डॉक्युमेंट्स म्हणून एक टॅब असतो, तो बरेच जण उघडतसुद्धा नाहीत, त्यात हा पडलेला, आणि तिथंही एकाच पेपरच्या चार वेगवेगळ्या नोंदी, कुणी वर्ष चुकवलंय, कुणी नाव. सगळ्या जुळवल्या. मग सायटेशन करणारे पेपर पण उघडून बघितले. बहुतेकांत प्रस्तावनेत कंसात संदर्भांचे तीन ते सतरा नंबर एका दमात, त्यातले एक आमचे सर. पण एका पेपरमध्ये अख्खा सेक्शन सरांच्या लेमावर, म्हणजे त्यांनी सिद्ध केलेल्या छोट्या प्रमेयावर, उभा होता. गणित मला ओ की ठो कळलं नाही, पण प्रत्येक पायरीला त्याचाच हवाला दिलेला दिसत होता. मोजताना हाही एक आणि तोही एकच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट ऐकून गगनबावड्याला पाऊस किती पडला ते कळतंय का, तसलंच.

गुणांच्या तक्त्यात प्रीप्रिंटला रकानाच नाही. सरांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "बेनेट आणि ब्रासार्डचा क्वांटम क्रिप्टोग्राफीचा मूळ पेपर कुठला माहीत आहे का? १९८४, बंगळूरची कॉन्फरन्स, प्रोसिडिंगमधली पाच पानं. जर्नलमध्ये छापला २०१४ ला. आणि क्वांटममधला बेलचा १९६४ चा गाजलेला पेपर ज्या जर्नलमध्ये आला ते चारपाच वर्षांत बंदच पडलं." ऐकून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हे तिघं आमच्याकडं फाईल घेऊन आले तर मी कुठल्या रकान्यात घालू.

वर लेखकांच्या क्रमाचा घोळ. २०१८ च्या यूजीसी नियमात दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार बघणाऱ्या) लेखकाला ७० टक्के गुण, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. सरांच्या विषयात बरेच पेपर आडनावाच्या आद्याक्षरानं लावतात, आणि पी किती मागं येतो बघा. निम्म्या पेपरात सर शेवटी. आडनाव आपटे असतं तर प्रमोशन कधीच झालं असतं. मी सहलेखकांकडनं, मुख्य काम सरांचं असं पत्र आणायला सांगितलं, तर सर म्हणतात, असलं पत्र कुणाकडं मागू, लाज वाटते.

शेवटी रिपोर्टला मी स्वतःहून एक पान जोडलं. प्रीप्रिंट काय, कुणी वापरला, कुठल्या सेक्शनमध्ये, नोंदी कशा जुळवल्या. ऑफिस सुपरिंटेंडंट (ओएस) भाऊसाहेबांनी ते उलटून पालटून बघितलं, "मॅडम, हे कशाला लावायचं?" मी म्हटलं, एच-इंडेक्सच्या मागं. ते म्हणाले तिथं जागा नाही, आणि 'इतर' मध्ये घातलं, एनएसएस कॅम्पच्या सर्टिफिकेटच्या खाली.