तुम्ही विचारलंत म्हणून: फोन की टॅब?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बालवर्गात मुलाला सोडायला आलेली आई दाराशीच थांबून विचारते, "ताई, याला फोनच द्यावा की टॅब घ्यावा? बोटं एवढीशी, फोन पुरेल ना?"

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन्ही नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 1 तासाच्या वर स्क्रीन नको, त्याहून कमी तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. मीही तेच सांगते. त्या तासाभरासाठी मात्र मी मोठ्या काचेच्या बाजूची आहे.

बोट लहान असलं तरी नेम बसायचा असतो. चित्रं ओळखायच्या खेळात तीन वर्षांचं मूल आंब्याकडे बघतं आणि बोट टेकतं शेजारच्या केळ्यावर. मनगट अजून तयार नसतं, हात खांद्यापासून हलतो. म्हणून त्याला आपल्याहून मोठं बटण लागतं. अँड्रॉइडवर मोठ्या माणसांसाठीसुद्धा बटणाची जागा साधारण 9 मिलिमीटरची ठेवायला सांगतात. टॅबसाठी केलेला खेळ फोनवर उघडला की सगळी चित्रं आकसतात. सहा इंची आणि दहा इंची हा फरक ऐकायला थोडा वाटतो, पण काचेची जागा जवळजवळ तिप्पट होते. फोनवर खेळ 'चुकलं' म्हणून आवाज करतो आणि मूल हिरमुसतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्याला आंबा ठाऊक होता हो.

टॅबचीही एक खोड आहे. एका मुलीचे वडील टॅब बिघडला म्हणून दुकानात दाखवून आले होते, पण दोष काही सापडेना. मी तिला खेळायला बसवलं. उजव्या हाताचं बोट बरोबर चालत होतं, डावा तळवा मात्र कोपऱ्यावर टेकलेला. आपलं शरीर वीजवाहक असतं म्हणून या काचेला स्पर्श कळतो, मग तळवा काय आणि बोट काय! टॅब पाटावर ठेवला, डाव्या हाताला पाटाची कड धरायला दिली आणि खेळ सुरळीत चालला. चित्र ओढत न्यायचं असेल तर मोठ्या काचेवर वाट लांब पडते, मध्येच बोट उचललं जातं आणि तुकडा परत जागेवर जातो. तिथे फोन सोपा, हे मान्य.

तरीही टॅबच म्हणते, ते शेजारी कोण बसतं म्हणून. फोन हातात आला की मूल गुडघे पोटाशी घेऊन कोपरा गाठतं आणि फोन नाकाजवळ जातो. डोळ्यांवर ताण येतो, आणि आत काय चाललंय ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. अर्धा किलोचा टॅब त्याला फार वेळ पेलत नाही. तो जमिनीवर येतो आणि आजीला डोकावायला जागा होते.

आमच्या बडोद्याच्या घरांत या डोकावण्याचं मोल मोठं आहे. वर्गातला एक चार वर्षांचा मुलगा चित्रावर बोट ठेवून गुजरातीत म्हणाला, "आजी, जो ने, काचबो!" आजी म्हणाली, "अगं बाई, कासव! पाठीवर ढाल आहे बघ त्याच्या." खेळातला आवाज इंग्रजीत काहीतरी सांगत होता, तो दोघांनीही ऐकला नाही. मग 'ढाल' म्हणजे काय हे समजावायला आजीने स्वयंपाकघरातून ताट आणलं. सहा इंची फोनवर ते कासव आजीला दिसलंच नसतं.

टॅब विकतच घ्या असं मी म्हणत नाही, पैसे झाडाला लागत नाहीत. फोनच असेल तर आडवा ठेवा. एका वेळी तीन-चारच मोठी चित्रं दिसतील असा खेळ निवडा. बोट कडेला घसरलं की मूल भलत्याच व्हिडिओत जाऊन पोचतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तो एकच खेळ अडकवून ठेवा. आणि फोन पाटावर ठेवा. पाट नसेल तर जाड पुठ्ठ्याची वही चालेल. उशी नको, तिच्यावर फोन हलतो.