बंबाआधीच्या पिशव्या

७ डिसेंबर १७३६ला बेंजामिन फ्रँकलिनने आणि त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, म्हणजे आगीत एकमेकांच्या मदतीला धावणाऱ्यांची मंडळी. पगारी माणूस एकही नाही. तिचा करारनामा वाचताना आधी लक्षात येतं ते हे, की आग विझवण्यापेक्षा घरातलं सामान बाहेर काढण्यावर त्यात जास्त भर आहे.

प्रत्येक सभासदाने दोन कातडी बादल्या आणि चार पिशव्या तयार ठेवायच्या. पिशवीचं कापड जाडंभरडं, एकेकीला किमान चार यार्ड. तोंडाशी नाडी, म्हणजे भरली, ओढली आणि उचलली. सगळ्यावर मालकाची आद्याक्षरं. हयगय केली तर पाच शिलिंग दंड.

रात्री आगीची हाक ऐकू आली की खिडकीत दोन दिवे ठेवायचे. ज्याच्या घराला धोका, त्याने खोलीखोलीत मेणबत्त्या लावायच्या, म्हणजे मदतीला आलेले अंधारात एकमेकांवर आदळणार नाहीत. दोघांनी दारातून हलायचं नाही, कारण अशा गोंधळात चोरही आत घुसतात. हे कलम ज्याने सुचवलं, त्याने आग जवळून पाहिली असणार!

सामानावर इतका भर का? आग विझवायचे तेव्हाचे हातपंप सहसा विहिरीतून पाणी ओढत नसत. पंपाची टाकी बादल्यांनीच भरावी लागे. त्यासाठी माणसांच्या दोन रांगा: एकीतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. रांग मध्येच तुटली की टाकी रिकामी आणि धार बंद. शिवाय मोटेचं जे होतं तेच या बादल्यांचं: कातडं कोरडं पडलं की कडक होतं, शिवण उसवते, पाणी वाटेतच गळतं. छपराच्या लाकडी फळ्या एकदा पेटल्या की एवढ्याशा पाण्याने घर वाचणं कठीण. भांडीकुंडी, कपडे, हिशेबाच्या वह्या मात्र वाचत.

दर महिन्याला बैठक असे. गैरहजेरीच्या दंडातून पंप, शिड्या आणि जळतं छप्पर खाली ओढायचे आकडे घेतले जात. सभासद २५च्या वर घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं. फ्रँकलिनच्या सांगण्याप्रमाणे ते लवकरच ३० झाले. त्यानंतर येणाऱ्यांना 'तुमची वेगळी कंपनी काढा' असं सांगत, आणि तशा कंपन्या गावभर निघाल्या.

एक कलम विधवांसाठी आहे. सभासद वारला तरी, बायको पुन्हा लग्न करेपर्यंत, नवरा हयात असल्यासारखीच तिला मदत मिळायची. अट एकच: बादल्या आणि पिशव्या तिने तयार ठेवायच्या.